चावी कुठे होती

३ फेब्रुवारी

आज नववा दिवस. घर एकदाचं रिकामं झालं! माणसं प्रेमानेच आली होती, पण मला इतक्या प्रेमाची सवय नाही. नणंद निघताना म्हणाली, "वहिनी, रडून घे गं, आत कोंडून ठेवू नकोस." बरं म्हटलं. ती गेल्यावर ओटा पुसला, कपबश्या जागेवर लावल्या, शेजारणीचे डबे धुऊन परत केले — रडायचं राहूनच गेलं.

ही डायरी ह्यांची. कंपनी दरवर्षी एक द्यायची आणि हे दरवर्षी ती कपाटात टाकायचे. "लिफ्टवाल्याकडे लिहिण्यासारखं काय असणार? काही घडलं नाही म्हणजे काम नीट झालं." कोरी वही फेकवेना, म्हणून मी लिहायला बसले.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब छान बोलले. नीतीने चालणाऱ्याचं प्रतिफळ देव राखून ठेवतो, आपल्याला दिसो वा ना दिसो. आणि म्हणाले, "आपले हे बंधू आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. खरंच होतं ते.

ताई आली नाही. माझी सख्खी थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. आली नाही.

५ फेब्रुवारी

रात्री सलग पाच तास झोप! देवा, तुझे आभार.

८ फेब्रुवारी

मिस्त्री आले होते. सव्वीस वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. ह्यांची हत्यारांची पिशवी आणून दिली, प्रत्येक पाना पुसून. पाणी प्यायले, आणि मग सुरू झाले.

"वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या नवऱ्याने मला फार छळलं."

"मलाही," म्हटलं.

"दुरुस्ती संपलेली, पाच वाजलेले, बिल्डिंगवाले दारात उभे. आणि ह्यांचं आपलं — आधी आपण! तीनदा वर, तीनदा खाली, मग लोकांना सोडायचं. एकदा चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकलो दोघं. दोन तास! मी देवाचा धावा करतोय आणि हे डबा उघडून बसले. वर मला म्हणतात, बघ, म्हणून आधी आपण. आणि माझाही डबा संपवला हो!"

मी हसले. मोठ्याने. ह्यांच्यानंतर पहिल्यांदाच.

जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पाळकसाहेब म्हणाले ना, वर गेले म्हणून. तिथे जर लिफ्ट असेल ना वहिनी, तर आधी तीन फेऱ्या स्वतः मारतील. आपला नंबर यायला वेळ आहे."

दार लावल्यावर विचार करत बसले. रोज किती माणसं वरखाली जातात. बटण दाबतात, आरशात केस नीट करतात, उतरतात. त्यांना ह्यांचं नावही माहीत नाही. बरं आहे. कोणाला काही झालं नाही, एवढंच ह्यांना हवं होतं आणि ते देवाने त्यांना भरपूर दिलं.

१२ फेब्रुवारी

लेकीचा फोन.

"आई, मावशीला कळवलंस?"

"कळलं असेल."

"तू कळवलंस का, ते विचारतेय."

वकीलच व्हायची ही! म्हटलं, इथे सगळ्यांना कळलंय. तिला ते पटलं नाही. मग म्हणाली, "आई, बारा वर्षं झाली. बाबा गेले. आता कोणाशी भांडणार आहे ती?"

फोन ठेवला, पण ते वाक्य जाईना.

ताई सहाव्या मजल्यावर राहते. बारा वर्षांपूर्वी तिथल्या लिफ्टचा ब्रेक झिजलेला ह्यांनी पाहिला. नवीन भाग यायला दहा दिवस होते. बिल्डिंगवाले म्हणाले, "तोवर हळूहळू चालवू, दोघा-दोघांना सोडू." हे म्हणाले, दोघेही माणसंच असतात. कुलूप घातलं आणि चावी घरी आणली. ही त्यांची पद्धतच होती. बंद केलेल्या लिफ्टची चावी बिल्डिंगमध्ये ठेवायची नाही. ठेवली, तर कोणाला तरी कोणाची तरी दया येते आणि कुलूप निघतं.

नवव्या दिवशी सकाळी भाऊजींच्या — ताईच्या यजमानांच्या — छातीत कळ आली. चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं. दुसऱ्या मजल्याच्या खाली, जिन्यातच त्यांनी प्राण सोडला.

भाऊजींच्या दफनाला ताईने ह्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला एवढंच म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचा नियम राहिला, माझा माणूस गेला." हे चौथ्या दिवशी तिच्याकडे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "ताईंना वेळ देऊ या." तो वेळ बारा वर्षं चालला.

ह्यांनी कधी कुरकुर केली नाही. मीच मनात देवाला विचारायची — नीट वागण्याचं हेच का फळ?

१३ फेब्रुवारी

काल लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पुरं नाही.

त्या सकाळी ताईचा फोन घरी आला होता. मी घेतला. "बारके, चावी पाठव गं! कोणाच्याही हातून पाठव!" चावी स्वयंपाकघरात खिळ्यावर होती. हात लांब केला असता तर लागली असती. हे कामावर, कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले, फोन लागणार नाही.

आणि मी म्हणाले, "ताई, चावी ह्यांच्या खिशात आहे."

चावी दिली नाही याची बोचणी नाही. तो ब्रेक खरंच गेला होता, खोलल्यावर मिस्त्रींनीही तेच सांगितलं. पण 'माझ्याकडे आहे आणि मी देणार नाही' हे सख्ख्या बहिणीला सांगायची माझी छाती झाली नाही. तो नकार मी ह्यांच्या खिशात घातला. ताईचा सगळा राग तिथेच जाऊन बसला.

फोन आला होता हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही. ह्यांना काहीच माहीत नव्हतं. काहीही ठाऊक नसताना गेला बिचारा माणूस.

१४ फेब्रुवारी

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१९ फेब्रुवारी

उपासनेनंतर पाळकसाहेब चर्चच्या पायरीवर एकटे सापडले. मी आपणहून बोलायला गेले म्हणून तेच गोंधळले. तीस वर्षांत मी त्यांच्याशी 'कसे आहात' याच्या पुढे गेले नसेन.

विचारलं, "साहेब, नीट वागलेल्या माणसावर कोणी खोटा आळ घेतला, आणि तो माणूस गेला. मग त्याच्या प्रतिफळाचं काय?"

"त्याला कोण हात लावणार? ते देवाजवळ आहे."

"आणि ज्याने आळ घेतला त्याचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कोण, कधी, काही विचारलं नाही — ह्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी. म्हणाले, "देवाजवळ कबूल केलंय ना? मग तिथलं मिटलं. पण बाई, देवाला आधीच सगळं ठाऊक असतं. ज्याच्यासमोर आळ घेतला, त्याला ठाऊक नसतं. तिथे पायाने जावं लागतं."

मग म्हणाले, "आणि प्रतिफळ म्हणजे मजुरी समजू नका. मजुरी आपण मागून घेतो. देव देतो ते आपल्या हिशेबात कुठे बसतं?"

घरी येताना विचार करत होते. मी अशी कोणती मोठी नीतीने वागले, की चौतीस वर्षं ह्या माणसाच्या ताटात वाढायला मिळालं?

२३ फेब्रुवारी

ताईच्या बिल्डिंगपर्यंत गेले. भाजी घेऊन परत आले. भाजी घरात होतीच!

२६ फेब्रुवारी

गेले. लिफ्ट चालू होती, तरी जिन्यानेच चढले. सहा मजले, तीन ठिकाणी बसत. आपल्याला साठी उलटली हे चौथ्या मजल्यावर कळलं.

ताईने दार उघडलं. केस पूर्ण पांढरे. मी हवेसाठी धडपडतेय. बारा वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलली — "लिफ्ट आहे की गं, येडे!"

आत बसवलं. पाणी दिलं. समोर भाऊजींचा फोटो. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही, बोलले असते तर तिथेच अडकले असते. सरळ सांगितलं. फोन, चावी, मी काय बोलले ते.

"खिळ्यावर?" तिने विचारलं.

"हो."

"तुझ्या समोर?"

"हो."

ती खिडकीकडे गेली. पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, "ताई, मला काय बोलायचं ते बोल. पण त्यांना काही म्हणू नकोस. त्यांना काही माहीत नव्हतं."

ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला सांगता येत नाही.

"बारके, तू आत्ता जा," म्हणाली. "मला जरा एकटीला बसू दे."

सहा मजले उतरले. मन इतकं स्वच्छ! ताई परत बोलो, न बोलो. ह्यांच्यावरचं ओझं उतरलं. प्रभू, हिंमत तू दिलीस. माझी नव्हती.

२८ फेब्रुवारी

ताईचा फोन नाही.

१ मार्च

लेकीला सगळं सांगितलं. ती रडली. मला म्हणाली, "आई, तू एकटीने हे सगळं..." मीच समजूत काढली. जग उलटं झालं! पण चांगली लेक दिलीस देवा.

फोन अजून नाही.

४ मार्च

ताई आली. न कळवता, दुपारी, हातात कपड्यांची पिशवी. "दोन दिवस राहणार आहे, चालेल ना?" म्हणाली. चालेल ना, म्हणे!

मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तिने सांगितलं. "माझा माणूस गेला, त्याच्या चौथ्या दिवशी तुझा नवरा आला होता. मी दारातच विचारलं, चावी कुठे होती? आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हटलं, बारकी फोनवर म्हणाली तुमच्याजवळ होती, खरं आहे का? तर म्हणाला, हो, माझ्या खिशात होती. माझा विश्वास बसेना गं. घरी असेल तर सांगा, म्हटलं. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाला."

म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसून जेवले. भाजीत मीठ दुप्पट पडलं होतं, तेही बोलले नाहीत.