अंगाच्या गर्मीवरचा पट्टा

१२ ऑक्टोबर
तहसीन आली. पांढरकवड्यात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या रहीमभाईची पोरगी, नागपूरले इंजिनिअरिंग शिकते. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी मनगटाचे पट्टे बनवले तिनं. एक मले, एक धाकट्या जावेले, मंगलाले. सेल नाही, चार्जिंग नाही. अंगाच्या गर्मीवर चालते. नाडी बिघडली की वाजते.
मागच्या साली कपाशीवर औषध फवारता फवारता आमचे हे याच वावरात पडले, ते उठलेच नाहीत. तहसीनले माहीत आहे. मी हात पुढं केला.

१३ ऑक्टो.
सकाळी दवात हिरवा दिवा लागला. मंगला हसली, "बाई, आपणच आपली लाईट." दुपारी दिवा गेला, दोघींचाही. वेचत राह्यलो.

१५ ऑक्टो.
तहसीनले फोन. म्हणे, "हवा अंगाइतकीच तापली की वीज बनत नाही, ताई. दोन्हीत फरक पाहिजे. वरून ओलं फडकं बांधून पहा."

१७ ऑक्टो.
प्यायच्या पाण्यातून फडकं ओलं ठेवलं. दिवा टिकला. भर दुपारी मंगलाचा पट्टा वाजला.
मंगला म्हणे, "एवढी ओळ होऊ द्या."
हात धरून बाभळीखाली बसवली. उलटी झाली, मग बोलेचना. शेतमालक देवराव भाऊंच्या मोटारसायकलवर दोघांच्या मधात धरून दवाखान्यात नेली. सलाईन. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, नाडी लय बिघडली होती, वेळेवर आणली.
वेळेवर.

१९ ऑक्टो.
मंगला घरी. तहसीन भेटाले आली, पट्टा हातात घेऊन रडली. मले रडू आलं नाही. यांच्या वेळी काहीच वाजलं नाही, एवढंच डोक्यात. चहा केला. साखर टाकायची राह्यली. तसाच प्यालो.

२० ऑक्टो.
देवराव भाऊ आले. ओसरीत बसले, आवाज चढवला नाही.
"बोंडअळीनं अर्धं नेलं. आता तुमचं पाहून बाकीच्या बायाही दुपारी बसून राह्यल्या. पट्टा काढून या. नाहीतर मी दुसऱ्या बाया पाहतो."
मंगला लगेच म्हणाली, "काढून ठेवते, भाऊ."


२१ ऑक्टो.
मंगलाचा पट्टा फळीवर. माझा हातातच. उद्या वेचणी.
यांचा पुऱ्या बाह्यांचा शर्ट पेटीतून काढला. बाही मनगटाच्या खाली उतरते, पट्टा दिसत नाही. तिच्या आत फडकं गार राहील का, पट्टा चालेल का, तहसीनले विचारायचं राह्यलं.