तुझ्या नावानं दिलेला बोकड

भोर, ता. २० मार्च १९३६

चिरंजीव ज्ञानोबास सोजराआक्काचा उदंड आशीर्वाद. वि. वि.

लेकीच्या पाटीवर शिकलेलं अक्षर आहे, हसू नकोस. बाजारात आपला चुलतभाऊ बिरू भेटला. गुंजवण्याच्या डोंगरावरच्या आपल्या वस्तीत शेळ्यामेंढ्या पटापट मरतात म्हणाला. म्हणे, बिबट्यानं तुला फाडलं तेव्हा आईनं देवीला नवसाचा बोकड बोलला, तो तू अडवून धरलास म्हणून हा कोप. आई गेली, पण तिचा शब्द तर आहे ना? देऊन टाक. मग खुशाल तुझ्या येशूचं पुस्तक वाच.

भावजय फुलाला आणि भाची ठकीला आशीर्वाद. आक्काला विसरू नये.

सोजरा

वस्ती, ता. २९ मार्च

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

अक्षर शेळीच्या लेंड्यांसारखं आहे, पण लागतं.

बोकडाचा लोभ मला नाही. मिशनच्या दवाखान्यात चार महिने पडलो होतो, तेव्हाच मी स्वतःला येशूच्या हाती दिलं. माझ्या तारणासाठी त्यानं आपलं रक्त दिलं. आता दुसऱ्याचं कापून मी काय फेडू? २६ एप्रिलला पाद्री विंझरला येतील. तिथं आम्ही तिघं बाप्तिस्मा घेऊ.

फुलाला बायका पाणवठ्यावर येऊ देत नाहीत. बिरूची चौदा जनावरं गेली. त्याची भीती खोटी नाही. पण परवा कुऱ्हाडीला धार लावताना तो माझ्याकडंच बघत होता.

माया पातळ होऊ देऊ नये, हेच मागणे.

ज्ञानोबा

भोर, ता. ९ एप्रिल

चिरंजीव ज्ञानोबास आशीर्वाद. वि. वि.

देवीच्या जत्रेला मी आले होते, तुला न भेटता परतले. तुझ्या नावानं बोकड दिला. गुरवानं हाळी दिली, की ज्ञानू देवीच्या पदरात परत आला. म्हातारी माणसं रडली रे. बिरूनं माझे पाय धरले. आता पाणी मोकळं होईल. रुसायचं तर रूस, पण जिवंत राहून रूस.

तुझीच आक्का

वस्ती, ता. २१ एप्रिल

ती. आक्कास नमस्कार. वि. वि.

फुलाला पाणी मिळालं, बिरूनं खरवस पाठवला. आम्हाला वाटलं, प्रभूनं मनं वळवली. मग तुझं पत्र आलं.

तू मायेनं केलंस. पण मी न केलेलं माझं म्हणून सारी वस्ती मानते. गप्प राहून ते पाणी पिऊ कसा? रोग थांबला होता. काल बिरूची एक मेंढी पुन्हा त्याच रोगानं खाली बसली. अशातच गुरुवारी वस्तीच्या बैठकीला सगळे जमतील तेव्हा मी खरं सांगणार. फुलाला भोरला जा म्हटलं, तर म्हणाली, आता तर मुळीच न्हाई, तुमच्या शेजारीच हुबी ऱ्हाईन.

ठकीजवळ हे पत्र देऊन तिला भोरच्या गाडीत बसवतो. सोमवारी न्यायला येईन. नाही आलो तर तिला शाळेत घाल, आणि माझ्यासाठी कुणाला कापू नकोस.

ज्ञानोबा

भोर, ता. ४ मे

चिरंजीव ज्ञानोबास आशीर्वाद. चिरंजीव लिहिताना हात अडला, तरी लिहिलं.

तुझा सोमवार होऊन आठवडा झाला. तुझे दाजी वस्तीवर जाऊन आले. दाराला बाहेरून कडी, चूल गार. बिरू म्हणाला, रविवारी पहाटे दोघं विंझरकडं उतरली. सांगताना त्यानं मान वर केली नाही म्हणे. विंझरला आलेले पाद्री म्हणतात, दुपारपर्यंत वाट पाहिली, कुणी आलं नाही.

काल नवस बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ठकी डोळे मिटून तुझ्या प्रभूला सांगत होती, आबाला आन् आईला तूच बघ. मी तिच्याशेजारी बसले. देऊ करायला काही नव्हतं, म्हणून रिकामे हातच पुढं धरले. तो घेतो का रे असे?

हे पत्र कुणाच्या हाती पडेल ठाऊक नाही. जो वाचेल त्यानं एक ओळ कळवावी.

सोजरा