अठ्ठेचाळीस मिनिटांची बस

३ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दुकान रिकामं करून दिलंस, शिवणयंत्राचं डोकं खोक्यात बांधलंस आणि चोवीस तारखेला दुपारी दोन दहाच्या विमानाने इकडे उतरते आहेस, हे समजलं. आनंद झाला. आता मुद्द्याचं लिहितो.

विमानतळापासून माझं घर एकोणीस किलोमीटर आहे आणि तिथे पोचायचे पाच मार्ग आहेत. (एक) टॅक्सी. ही घेऊ नये. टॅक्सीवाला बावीस मिनिटांत आणून सोडतो. तो गाडी कशी हाकत असेल याचा तूच विचार कर. (दोन) भुयारी रेल्वे. पायऱ्या एकशे चार, सरकता जिना दुरुस्तीला गेलेला. (तीन) हॉटेलांच्या गाड्या. तू हॉटेलात उतरत नाहीस, सबब बाद. (चार) साधी बस. सत्तावीस थांबे. (पाच) विमानतळ बस, दोन पंचावन्नची. अठ्ठेचाळीस मिनिटं, मधे फक्त चार थांबे, सामानाला आत दोन फळ्यांचं रॅक. ही वेळ मी स्वतः बसवलेली आहे. सोबत नकाशा जोडला आहे, त्यातली लाल रेघ धरून चालावं.

मला त्या दिवशी ऑफिसात हिवाळी वेळापत्रकाचं काम आहे, त्यामुळे घ्यायला येणं जमेलसं दिसत नाही. बॅगा किती, प्रत्येकीचं वजन किती आणि किती दिवसांच्या बेताने सामान आणते आहेस, हे उलट टपाली कळव.

कळावे. लोभ आहे, तो वेळेवर पोचत राहावा.

तुझा धाकटा भाऊ


८ तारीख

चि. मिनिटराव यांस,
अ. उ. आ.

पत्र आलं. पत्र कसलं, बस डेपोतली पाटीच ती. एकोणतीस वर्षं शहरबसच्या ऑफिसात वेळापत्रकं करून करून तुझं स्वतःचंच वेळापत्रक झालंय. सख्खी बहीण सात वर्षांनी येतेय, तर कशी आहेस, गुडघा काय म्हणतो, असं दोन ओळी तरी लिहावं माणसाने. पण नाही. भुयारातल्या एकशे चार पायऱ्या मोजायला वेळ आहे साहेबांना! आणि लाल रेघ म्हणे. अरे, मी काय शाळेच्या सहलीला निघालेय?

सामान लिहून घे. दोन सुटकेसा, वजन विचारू नकोस, एकीवर बसून मी ती बंद केली एवढं सांगते. एक खोकं, त्यात मशीनचं डोकं, चौदा किलो. स्टँड विकून टाकला. एक पत्र्याची पेटी, तीत कात्र्या, दोरे, बॉबिनी. एक गाठोडं, त्यात तीस वर्षांचे कटिंगचे कागद. तुझ्या रॅकच्या दोन फळ्या पुरतात का बघ, नाहीतर मला छतावर बसव आणि खोकं सीटवर ठेव.

आता माझं ऐक. किती दिवसांच्या बेताने म्हणजे काय रे? एकतीस वर्षांचं शिवणाचं दुकान मोडून बाई निघते, ती काय आठवडाभर हवापालट करायला? घरमालकाने इमारत पाडायला काढली, माझं इथे आता काही उरलं नाही, असं मी तुला गेल्या महिन्यातच लिहिलं. त्यावर तुझं उत्तर आलं, ये. बस, एवढंच. त्या एवढ्याशा शब्दात चार दिवस बसतात की माझं उरलेलं आयुष्य, ते मला काही कळेना. दुकानाच्या फोनवरून विचारावं तर तुला लगेच आवाज येईनासा होतो. तेव्हा कागदावर सरळ विचारते. कायमची राहायला येऊ, की पाहुणी म्हणून? नको असेन तर तसं लिही, मी रुसणार नाही. रुसेन, पण तुला कळू देणार नाही.

घाई अशासाठी, की तुझ्याच शहरात नोकरी करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या वॉर्डनबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना शिवण शिकवायला बाई हवी आहे, खोलीसुद्धा देतात, मात्र वर्षभराचा शब्द द्यावा लागतो. चोवीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या. म्हणून हो की नाही तेवढं कळव. नकाशा नको.

लोभ असला तर तो एकदा उघडून दाखवावा.

तुझी ताई


१२ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सामानाचा तपशील मिळाला. गुडघा कसा आहे?

सुटकेसा रॅकच्या खालच्या फळीवर, पेटी वरच्या. खोकं रॅकवर ठेवू नये, वळणावर सरकतं. ते पायाशी घ्यावं. त्यासाठी पहिलं बाक उत्तम, तिथे पाय पसरायला जागा आहे. तू पहिल्या बाकावर डाव्या बाजूलाच बस. गाठोडं मांडीवर.

मशीनच्या पायाची लांबी-रुंदी इंचात कळव. चाक कुठल्या हाताला येतं आणि शिवताना उजेड डावीकडून लागतो की उजवीकडून, हेही न विसरता लिही.

तुझा दुसरा मुद्दा विचाराधीन आहे. आमच्याकडे एखादी नवी गाडी चौदा दिवस प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय तिची वेळ छापत नाहीत. त्यामुळे घाईघाईने लेखी काही देणं माझ्या हाताला जमत नाही. समक्ष बोलू. तूर्त तू दोन पंचावन्नचीच बस धर. टॅक्सीवाले फार गोड बोलतात, त्यांच्याकडे बघू नये.

लोभ चालू मार्गावर आहे.

तुझा धाकटा भाऊ


१६ तारीख

चि. मिनिटराव यांस,
अ. उ. आ.

विचाराधीन! वा रे वा. थोरल्या बहिणीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडलाय, जावक क्रमांक मिळाला की कळेल. आणि चौदा दिवस काय, मला चालवून बघणार आहेस? घसरले, धूर सोडला, तर परत डेपोत?

मशीनचा पाया साडेसोळा बाय सात. चाक उजव्या हाताला, ते जगात सगळीकडेच असतं. उजेड डावीकडून. पण बसमध्ये पायाशी ठेवलेल्या मशीनला उजेड कशाला हवा, हे मला सात जन्मांत कळणार नाही. वाटेत चार थांब्यांवर चार फ्रॉक शिवून द्यायचेत का?

पुरे झाली थट्टा. खरं सांगू? मला भीती वाटते. तू दोन खोल्यांत इतकी वर्षं एकटा राहिलास, तुझी उठायची, जेवायची, पेपर वाचायची वेळ ठरलेली. माझं मशीन सकाळी सहाला सुरू होतं. तुला माझी अडचण होईल, आणि भिडेपोटी ते तुला म्हणवत नसेल, असं सारखं मनात येतं. दुकानात आता बसायला खुर्चीही उरली नाही, जमिनीवर कागद ठेवून लिहितेय. या वयात कुणाच्या दारात नकोशी होऊन उभं राहायची माझी तयारी नाही, तुझ्या तर नाहीच नाही.

चोवीसपर्यंत तुझं हो आलं नाही, तर मी ते नाही समजेन आणि वसतिगृहात जाईन. वसतिगृहाचं नाव वॉर्डनबाईंनी पाठवलेल्या कागदावर आहे, तो टॅक्सीवाल्याला दाखवायचा की झालं. तो गोड बोलला तर बरंच, कुणीतरी बोलेल.

लोभ तुझ्या सोयीने ठेवावा.

तुझी ताई


२० तारीख (कार्ड)

ती. ताईस, सा. न. वि. वि. मापं मिळाली, आभारी आहे. चोवीसला दोन पंचावन्नची बस. पहिलं बाक, डावी बाजू. टॅक्सी घेऊ नये. घेऊच नये. बाकी सगळं समक्ष. तुझा भाऊ.


२५ तारीख

चि. मिनिटराव यांस,
अ. उ. आ.

पोचले. टॅक्सीने. बावीस नाही, सव्वीस मिनिटं लागली. तुझ्या वहीत तेवढी दुरुस्ती करून घे.

तुला तपशील आवडतो म्हणून लिहिते. सामान फिरत्या पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आलं. खोक्याची दोरी सुटली होती, मशीनचं चाक एका बाजूने बाहेर डोकावत होतं, लोक त्याला बॉम्ब असल्यासारखे बाजूला होत होते. ढकलगाडी मिळाली ती तीन पायांची, म्हणजे चौथं चाक होतं, पण त्याची मर्जी वेगळी होती. तशी ती ओढत दारापर्यंत आले. तिथे दोन बाण. डावीकडे बस, उजवीकडे टॅक्सी. डावीकडे तुझं घर, उजवीकडे वसतिगृह. मी मधोमध उभी. येणारे जाणारे माझ्या गाठोड्याला अडखळून पुढे जात होते. एका शिपायाने बाई, रस्ता मोकळा करा म्हणून दोनदा बजावलं.

तुझं कार्ड पर्समधून काढून पुन्हा वाचलं. मागची बाजूसुद्धा बघितली. बाक आहे, बाजू आहे, वेळ आहे, आणि मला जे हवं होतं ते सोडून बाकी सगळं आहे. आधीच्या पत्रात निदान ये तरी होतं, या कार्डात तेही नाही. मग उजवीकडे वळले.

टॅक्सीवाला अजिबात गोड बोलला नाही, सगळी वाट दाताच्या डॉक्टरला शिव्या देत होता. पण खोकं मात्र त्याने एकट्याने दुसऱ्या मजल्यावर चढवलं. वॉर्डनबाईंनी कागद पुढे केला, मी सही केली. खोलीत एक लोखंडी खाट, एक कपाट, आणि खिडकी आहे ती शेजारच्या इमारतीच्या पाइपांवर उघडते. मुली बऱ्या वाटतात. मला अजून कोणी आजी म्हटलेलं नाही.

तुझ्या हिवाळी वेळापत्रकाला माझ्या शुभेच्छा. लोभ असेल तर असो. नसेल तर तो बसथांब्यावर राहिला असेल.

तुझी ताई


२७ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी तुझं पत्र येईपर्यंत तू कुठे आहेस, हेच मला माहीत नव्हतं; वसतिगृहाचं नाव तू कळवलंच नव्हतंस. दोन दिवस माझे कसे गेले ते लिहीत नाही.

मी विमानतळावर होतो, ताई. ऑफिसचं काम वगैरे थाप होती, मी रजा टाकली होती. तुला चकित करायचं म्हणून डेपोतच बसमध्ये चढलो, पहिल्या बाकावर बसलो आणि डाव्या बाजूला रुमाल टाकला. बस दोन पन्नासला विमानतळावर लागली. तू येईनास. ड्रायव्हरला म्हटलं, दोन मिनिटं थांब, माझी बहीण यायची आहे. त्याने डोक्यावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. कोणाच्याही सांगण्यावरून गाडी थांबवू नये. खाली सही माझी. दोन पंचावन्नला तो निघाला. मी विमानतळाच्या हद्दीतल्याच पुढच्या थांब्यावर उतरून पळत मागे आलो, आणि मग एकेक करत सात बस जाऊ दिल्या. तू म्हणालीस तसं जाशीलच असं मला वाटलं नव्हतं. तू नेहमी दम देतेस आणि शेवटी येतेस.

बसचा हट्ट का, ते आता सांगतो. टॅक्सीत बावीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. बसमध्ये अठ्ठेचाळीस. त्यातली पहिली तीस तू मला फैलावर घेणार, असं धरलं होतं. उरलेली अठरा माझी. शेजारी शेजारी बसलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. तेव्हा तुला विचारणार होतो, की ताई, कायमची राहतेस का माझ्याकडे? लिहून विचारलं आणि तू लिहून नाही म्हणालीस, तर तो कागद घरात ठेवायचा कुठे, हे मला सुचेना.

मी आजवर कुणाला राहा म्हटलेलं नाही. आई गेली तेव्हा तू निघालीस, मी फाटकापाशी उभा होतो. राहा म्हणायचं होतं. तोंडातून काय निघालं, तर स्टेशनची गाडी सव्वापाचला आहे. तू बरं म्हणालीस आणि गेलीस. सात वर्षं मला ते आठवतंय.

आतल्या खोलीतले जुन्या वेळापत्रकांचे गठ्ठे रद्दीत दिले. खिडकीखाली सुताराकडून टेबल करून घेतलं, त्याला साडेसोळा बाय सातची खाच. उजेड डावीकडून येतो, मी तिथे बसून पाहिलं. अडचण कसली? सकाळी सहाला घरात काहीतरी आवाज व्हावा असं मला केव्हापासून वाटतंय.

चौदा दिवस गेले खड्ड्यात. लिहून देतो, सहीनिशी. ताई, कायमची राहायला ये.

तुझा भाऊ


२९ तारीख

प्रिय भावास,
अ. उ. आ., आणि ते सगळे आजच मिळोत.

अरे गाढवा. एवढं एक वाक्य लिहायला पाच मार्ग, एक नकाशा आणि एक सुतार लागला तुला! तुझं पत्र शिवणवर्गात उघडलं, हे माझं चुकलं. मुलींना सांगितलं डोळ्यात कचरा गेला. त्या आजकालच्या मुली, त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पण आता मला येता येत नाही रे. बावीस मुलींनी नावं घातली आहेत. वॉर्डनबाईंना मी तुझं पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, खुशाल जा, मी दुसरी बाई बघते. त्यांना बघायला लावणं मलाच जमेना. त्यांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली, तेव्हा कुणीच धरत नव्हतं असं मी समजून चालले होते. वर्षभराचा शब्द दिलाय तो वर्षभर पाळणार. वर्ष संपलं की त्याच दिवशी येईन, सगळं सामान घेऊन.

रागावले आहे, पण तुझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. डावीकडे जाऊन बसमध्ये डोकावायला मला वीस पावलं पुरली असती. तू नसशील, या भीतीने मी ती टाकली नाहीत. तू नाही ऐकायला घाबरलास, मी बघायला घाबरले. आईबापांनी दोन मुलं वाढवली, दोन्ही भित्री.

रविवारी वर्ग नसतो, म्हणून या रविवारी सकाळी येते. कसं यायचं ते माझं मी बघेन, तू कळवू नकोस. दिवसभर बसू, तू तुझी अठरा मिनिटं घे, हवी तर जास्त घे. संध्याकाळी मला परत वसतिगृहात यावंच लागेल. पण मी निघाले, की फाटकापाशी उभा राहून मला गाडीची वेळ सांगू नकोस. राहा म्हण. मी राहणार नाही, तरी म्हण.

तुझ्याच घरची,
ताई