साच्यातला चेहरा

अण्णा,

प्लास्टरचा तो साचा आता माझ्याकडे आहे. बंगळूरच्या एचएसआर लेआउटमधल्या घरात, मी जिथे बसून काम करते त्या टेबलासमोरच्या भिंतीवर. तुम्ही गेल्यावर बसवनगुडीचं आपलं घर रिकामं करताना भावाने विचारलं, हा टाकायचा ना? मी तो आईच्या जुन्या साडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षातून आले.

गौरींच्या आधी स्वयंपाकघराचा ओटा तुमच्या ताब्यात जायचा. जुने कागद भिजायचे, लगद्यात मेथीची पूड पडायची, आणि आई म्हणायची, "कारखान्यात इंजिनियर, घरात कुंभार. मी पोळ्या कुठे लाटू?" तुम्ही म्हणायचात, "स्वल्प सरक," आणि साच्यात तेलाचं बोट फिरवायचात. ओळखीच्या मराठी घरांतल्या गौरींचे मुखवटे त्या साच्यातून निघत. बाकीचं वर्ष तो कोठीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असे. मी त्या खोलीत एकटी जात नसे. साच्यातली बाई माझ्याकडे बघायची. मी दारातून हलले की तीही माझ्या बाजूला वळायची. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. मला उचलून खिळ्यापाशी नेलंत आणि म्हणालात, "तिच्या नाकावर बोट ठेव." बोट आत गेलं. नाकाच्या जागी खळगा होता. "पोकळ आहे गं. लांबून भरीव दिसतं," एवढंच म्हणून तुम्ही मला खाली ठेवलंत आणि भांडं धुवायला गेलात.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा तो रविवार. एम.ए. करून मी कॉलेजातली नोकरी नाकारली होती आणि एका लहानशा अॅनिमेशन स्टुडिओत शिकाऊ म्हणून लागले होते. संगणकावर चेहरे घडवायचं काम. एका जाहिरातीसाठी म्हातारीचा चेहरा हवा होता. साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं, सोमवारी चेहरा दाखवा, जमत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणी बघू. आणि तो चेहरा माझं ऐकत नव्हता. पडद्यावरच्या ब्रशने नाक बाहेर ओढलं की ते बसकं व्हायचं, आत दाबलं की वर यायचं. चेहरा डावीकडे फिरवला की म्हातारी उजवीकडे बघायची. मी ब्रशचा जोर बदलला, आकार बदलला, सगळा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. आईने दिलेला उप्पिटाचा डबा घेऊन तुम्ही स्टुडिओत आलात तेव्हा मी रडायच्या बेतात होते.

तुम्ही शेजारची खुर्ची ओढून बसता. पडद्याकडे बघता. "तुझ्या आत्यासारखी आहे. नाक सोडून." मी हसत नाही. मग विचारता, "काय काय बदललंस?"

"सगळंच."

"मग सगळं होतं तसं कर."

"अण्णा, त्याने काय होणार? उद्या दाखवायचंय."

"सगळ्या खुंट्या एकदम पिळल्यास तर तंबोरा कशाने बिघडला ते कळणार कसं?" आवाज चढलेला नाही, पण ही बोलणी आहेत हे मला कळतं. तुम्ही मला क्वचितच बोललात, आणि जेव्हा बोललात तेव्हा चुकीबद्दल नाही, घाईबद्दल.

मी एकेक आकडा मागे नेते. तुम्ही डबा उघडून माझ्यासमोर सरकवता. मी खाते. "आता फिरव हिला," तुम्ही म्हणता. "डावीकडे. हं. आता उजवीकडे." तुम्ही खुर्ची मागे घेता, एक डोळा मिटता. तुम्ही कधी संगणकाला हात लावलेला नव्हता आणि त्या दिवशीही लावला नाहीत. मग म्हणता, "तिच्या नाकावर बोट ठेव."

मी काचेवर बोट ठेवते. काच सपाट. बोट कुठेच जात नाही. आणि तरी, अण्णा, ते आत गेलं. पंचवीस वर्षांची मी कोठीच्या खोलीत तुमच्या कडेवर होते. मी म्हातारीच्या डोक्याच्या आतून, मागच्या बाजूने तिच्याकडे बघत होते. समोर होता तो चेहरा नव्हता, चेहऱ्याचा साचा होता. सुरुवातीलाच कधीतरी माझ्या हातून तिची कातडी आतली बाहेर झाली होती.

"पोकळ आहे," मी म्हणाले.

"असं?" तुम्ही म्हणालात.

पृष्ठभाग उलटवण्याची आज्ञा प्रोग्रॅमबरोबर आलेल्या जाड पुस्तकात शोधून काढायला मला आणखी वेळ लागला. तुम्ही बसून राहिलात, पानं उलटायला मदत केली नाहीत. आज्ञा दिली आणि चेहरा नाहीसा झाला. पडद्यावर म्हातारीचं डोकं, मागून. मी घाबरून तुमच्याकडे बघितलं. "अगं, वळव की तिला," तुम्ही म्हणालात. वळवली. ती माझ्याकडे बघत होती. मी नाक ओढलं आणि ते बाहेर आलं.

सोमवारी चेहरा दाखवला. त्या कामात मी आजही आहे. नवी मुलं येतात, त्यांचे ब्रश रुसतात, ती सगळं एकदम बदलून बसतात. मी शेजारी खुर्ची घेऊन बसते. उत्तर माहीत असूनही गप्प बसणं मला अजून तुमच्यासारखं जमत नाही. "असं?" हा शब्द तुम्ही ज्या सुरात म्हणालात, तो सूर मी पुष्कळदा लावून पाहिला.

हे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवणार आहे. संध्याकाळी काम संपवून उठते तेव्हा भिंतीवरची ती माझ्याबरोबर वळते, दारापर्यंत. साचा टांगल्यापासून मी एकदाही तिच्या नाकावर बोट ठेवलेलं नाही.