बापाची उंची

कोच हॅल्सी,

माझ्या थोरल्या कॅल्विनला संघासाठी बघायला आलात, माझ्या स्वयंपाकघरात बसून पीचची गोड पाय-पेस्ट्री हाणलीत, माझ्या बुटक्या नवऱ्याला, लॉनीला, नखशिखांत न्याहाळलंत आणि त्याच्यासमोरच हसलात, "खाण तशी माती, बाई! पोरगं आता वाढायचं नाही."

लॉनी कॅल्विनचा सावत्र बाप. तुम्ही विचारलं नाहीत आणि त्या हसण्यानंतर मीही तोंड उघडलं नाही. सव्वासहा फुटी कॅल्विननं परवा दुसऱ्या कॉलेजकडून खेळताना तुमच्या फुटबॉल संघाचा हुकमी क्वार्टरबॅक पुन्हापुन्हा लोळवला.

आता धाकट्या रूबेनला शिष्यवृत्ती द्यायला धावत आलात. म्हणे, "भाऊ एवढा ताड, म्हणजे हाही होणारच!"

शिष्यवृत्तीच्या कागदावर तुमची सही होईपर्यंत हे पत्र फडताळातच राहील. रूबेन लॉनीचा सख्खा मुलगा आहे.

तुमची 'बाई',
डेल्फीन