शनिवारच्या तालमी

॥ श्री ॥

धुळे,
सोमवार, ७ जुलै २०२५

चि. ज्ञानेश्वर यास अनेक आशीर्वाद.

शाळेच्या वार्षिकांकातील तुझा लेख पोहोचला. उपमुख्याध्यापक झाल्यापासून तुझी वाक्ये लांबली आहेत, परंतु आजचा मुद्दा तो नाही. लेखातील हकीकत चुकीची आहे, आणि छापलेल्या चुकीला पुढची माणसे इतिहास समजतात. नाताळची मराठी नाटिका १९९२ साली 'तत्कालीन मुख्याध्यापकांच्या कल्पनेतून सभागृहात' सुरू झाली, असे तू लिहितोस. ती १९९१ साली सुरू झाली आणि अंगणात सुरू झाली, कारण सभागृहाला तेव्हा छप्पर नव्हते. त्या वेळच्या मुख्याध्यापक फादरांनी माझ्याकडे केवळ एक गीत मागितले होते. मी तीन प्रवेश लिहून नेले, तेव्हा ते हसून म्हणाले, की बोरसे सर, हिंदू असून तुम्हाला आमच्या बाळाची एवढी काळजी, तर आता गव्हाणीत घालायला कडबाही तुम्हीच आणा. मी केळीची वाळलेली पाने नेली. जळगावात कडब्यापेक्षा ती लवकर मिळतात.

दुसरे असे, की निवृत्तीनंतर मी 'हट्टाने दर शनिवारी धुळ्याहून येत राहिलो', हेही बरोबर नाही. दर जूनमध्ये शाळेचे बोलावणे येत असे. हट्ट आणि बोलावणे यांतील भेद तुला ठाऊक असावा. शाळेत तुझी वर्णी लागली तीही बोलावण्यानेच, आणि ते कोणी पाठवायला लावले हे तू जाणतोस.

नवे मुख्याध्यापक फादर लोपीस रुजू व्हायचे असल्याने निवडीचा दिवस पुढे ढकलला, असे तू कळवलेस. चालेल. एका भिंतीलगत संस्कृत, फ्रेंच, संगणक ही ऐच्छिक विषयांची टेबले, समोरच्या भिंतीलगत बँड, बागकाम, समाजसेवा आणि आपली नाटिका. आणि मधल्या मोकळ्या जागेतून एखादे मूल आपल्या पायांनी आपल्याच टेबलाकडे येते आहे की नाही, हे पाहताना होणारी धडधड! मे महिन्यात हृदयाने जो गोंधळ घातला, त्याहून ती मला अधिक ओळखीची आहे. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत एस.टी. वर्ज्य केली आहे. तेव्हा यंदाची नाटिका मी घरी बसून लिहीन, प्रवेश टपालाने पाठवीन आणि शनिवारच्या तालमी तू घ्यायच्यास. माझ्या टेबलामागेही तूच बस.

सौ. दिपमालास व पूनमला आशीर्वाद. मोबाईलवर उत्तर देऊ नये.

तुझा,
नाना


॥ श्री ॥

जळगाव,
१७ जुलै २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

लेखातल्या चुका मान्य. पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. दिपमाला म्हणते, की नानांचे पत्र आले की घरातले सगळे ताठ बसून चहा पितात.

निवडीचा दिवस शनिवारी, १२ जुलैला पार पडला. तुमच्या टेबलामागे मी बसलो होतो. नाटिकेसाठी एवढी मुले आली, की बँडचे सर चिडवू लागले, तुमच्या नानांनी धुळ्याहून प्रसाद धाडलाय का. आपली पूनम निवेदिका होणार आहे. नाजमीन नावाची नववीतली मुलगी देवदूत होईल. आवाज खणखणीत आहे. फादर लोपीस वसईचे, मराठी घरचीच. त्यांनाही उत्सुकता आहे. प्रयोग शनिवारी, २० डिसेंबरला ठरला आहे. तुमची खुर्ची पहिल्या रांगेत.

पहिला प्रवेश पाठवा, पण जागरण करू नका. कानबाईच्या सणाला आम्ही तिघे धुळ्याला येतोच आहोत. काकूंना सांगा, रोटांबरोबर गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी जरा जास्त करा, पूनम आतापासूनच विचारते आहे.

तुमची माया आहे तशीच राहो.

आपला,
ज्ञानेश्वर


॥ श्री ॥

धुळे,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचे कळले. कानबाई सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला गेल्या आणि घर एकदम मोठे वाटू लागले. यंदा सारे बोरसे एका छताखाली जेवले, याचे मला फार समाधान वाटते. कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांबाहेर द्यायचा नसतो, म्हणून त्या दिवशी घरात परके माणूस नसते. पहिला प्रवेश वाचून दाखवायला मी तोच दिवस निवडला, याचे कारण हेच. आपल्या माणसांसमोर चूक झाली तरी ती घरात राहते.

तुम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. चोपड्याच्या प्रेमराजने तर डोळे पुसले आणि मला म्हणाला, की नाना, आते बस करा, तब्येतले जपा. केळी आणि कापूस यांखेरीज त्याच्या डोळ्यांत कशाने पाणी आलेले मी प्रथमच पाहिले. तुझी काकू मात्र ऐन वाचनात स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवत बसली. साहित्याच्या बाबतीत तिची ही पद्धत लग्नापासूनची आहे.

सोबत दुसरा प्रवेश आहे. यात योसेफ आणि मारिया यांना धर्मशाळेचा रखवालदार जागा नाकारतो. ते काम करणाऱ्या मुलास सांग, की रखवालदार दुष्ट नाही. दार बंद करताना त्याला वाईट वाटते आणि तरीही तो दार बंद करतो. हे चेहऱ्यावर आले पाहिजे. पूनमने निवेदनातील पहिले वाक्य एका श्वासात म्हणावे. त्यासाठीच ते तसे रचले आहे. नाजमीनचे कसे चालले आहे, सविस्तर लिही. मी तिला पाहिलेले नाही, पण देवदूताची वाक्ये लिहिताना आता तीच समोर उभी राहते.

आशीर्वाद आहेतच.

तुझा,
नाना


॥ श्री ॥

जळगाव,
१६ सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. घटक चाचण्या, त्यात शासनाच्या ऑनलाइन माहित्या. तिन्ही प्रवेश मिळाले.

तालमी झकास चालल्या आहेत. गेल्या शनिवारी, १३ तारखेला, मोठी गंमत झाली. नाजमीनला पुठ्ठ्याचे पंख बांधले होते. 'भिऊ नका' म्हणत ती पुढे आली आणि पंख दारात अडकले. तीच एवढी भ्यायली, की मेंढपाळ तिला धीर देऊ लागले. फादर लोपीस खिडकीतून पाहत होते, त्यांनाही हसू आवरेना. रखवालदाराचे तुम्ही सांगितले तसेच करून घेतो आहे. पूनमचा श्वास अजून पुरत नाही, पण पुरेल.

तुम्ही दिवाळीनंतर तालमीला येतो म्हणता, पण मुलांचा हट्ट आहे, की सरांनी एकदम प्रयोगालाच यावे. त्यांना तुम्हाला चकित करायचे आहे. तेवढे त्यांचे ऐका. पाडव्याला आम्ही नमस्काराला येतो.

काकूंना नमस्कार. आमच्यावर लोभ असू द्या.

आपला,
ज्ञानेश्वर


जळगाव,
२९ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नाना,

पाडव्याला जे झाले त्यानंतर तुम्ही फोन घेत नाही. प्रेमराज येऊन गेला, त्याच्याशीही तुम्ही बोलला नाहीत. म्हणून लिहितो.

तुम्ही पूनमला दुसऱ्या प्रवेशातले निवेदन म्हणायला सांगितलेत. तिला एकही वाक्य येईना, म्हणून तुम्ही रागावलात. ती घाबरून रडली आणि तिच्या तोंडून सारे निघाले. तिला दोष देऊ नका. तुमची नाटिका आम्ही बसवतच नव्हतो. मुले या वर्षी दुसरे नाटक करत आहेत, मी लिहिलेले. मेंढपाळ आपल्या घरच्या बोलीत बोलतात.

नाना, गेल्या वर्षी तुमच्या तालमीतून मुले एकेक करून निघून गेली होती. एक वाक्य तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणून घेत होता. पालक माझ्याकडे येत होते. ते मी तुम्हाला सांगणार होतोच, तोवर मे महिन्यात तुमचे ते झाले आणि डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का नको. फादर लोपीस तर म्हणाले होते, की मी स्वतः धुळ्याला जाऊन सरांशी बोलतो. मीच त्यांना थांबवले. वाटले, या वर्षापुरते निभावून नेऊ. तुम्ही प्रवेश लिहू लागलात आणि तुमची तब्येत खरोखर सुधारू लागली. काकू म्हणाल्या, लिहू दे त्यांना. मग कानबाईला तुम्ही वाचलेत, आणि त्यानंतर तोंड उघडण्याची कोणाचीच छाती झाली नाही.

वडील गेल्यावर तुम्हीच मला वाढवलेत. तुमचे वाईट व्हावे असे माझ्या मनात कधी आले नाही. आता तुमच्यापासून लपवलेले काही उरलेले नाही. रागवा, पण लिहा.

तुमचाच,
ज्ञानेश्वर


धुळे,
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

ज्ञानेश्वर यास,

तुझे पत्र मिळाले. प्रथम मायना. 'तीर्थरूप' वडिलांना लिहितात, चुलत्याला 'तीर्थस्वरूप'. तू आजवर बरोबर लिहीत होतास. पत्रात खोटे होते तोवर मायना निर्दोष होता, आणि खरे लिहू लागलास तेव्हा मला बढती दिलीस. ती मला नको.

पाडव्याची हकीकतही तू चुकीची लिहितोस. मी पूनमवर रागावलो नाही. तिला निवेदन आले नाही, तेव्हा मी तिला म्हणालो, की विसरली असशील तर हरकत नाही, श्वास कोठे घ्यायचा तेवढे सांग. ती म्हणाली, की आबा, मी ते कधी वाचलेच नाही. ती हे कोरड्या डोळ्यांनी म्हणाली. रडली ती नंतर, तू तिचा दंड धरून तिला बाहेर नेलेस तेव्हा. त्या घरात मला खरे सांगणारी ती एकटी निघाली आणि तिलाच तुम्ही उठवलेत.

तुम्ही निघून गेल्यावर मी तुझ्या काकूला विचारले, की तुला हे ठाऊक होते काय. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, की बठ्ठासले माहीत व्हतं, तुमले सोडीसन. म्हणजे मी सोडून सर्वांना. नंतर म्हणाली, की तुम्ही लिहीत होतात तेव्हा दोन वेळा जेवत होतात, मी काय सांगू. तिच्याशी मी भांडलो नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मला जेवू घालणे हेच तिने सत्य मानले आहे, आणि त्यात तिने कधी कसूर केलेली नाही.

तुझे मात्र तसे नाही. तुझ्या नाटकातील बोलीबद्दल माझी तक्रार नाही. ती माझ्या आईची बोली आहे, आणि घरात मी आजही तीच ऐकतो. मुले माझ्या तालमीतून निघून गेली, हेही मी सोसले असते. मूल दुसऱ्या टेबलाकडे वळलेले मी प्रत्येक जूनमध्ये पाहिले आहे. निवडीचा दिवस त्यासाठीच असतो. यंदा माझ्या टेबलापुढे कोणी उभे राहिले नसते, तर मी टेबल घडी करून बसस्थानकावर गेलो असतो, उसाचा रस प्यालो असतो आणि घरी आलो असतो. फादर लोपीस मला हे तोंडावर सांगायला येणार होते. ते परके, मला न पाहिलेले. आणि ज्याला मी पाटीवर अक्षर गिरवायला शिकवले, त्याने त्यांना वाटेत अडवले.

तू मला धक्का बसू नये म्हणून मौन पाळले असतेस, तर ते मी समजून घेतले असते. तू मौन पाळले नाहीस. तू पुठ्ठ्याचे पंख लिहिलेस. ते दारात अडकवलेस. मी ते पत्र शेजारच्या अक्कांना वाचून दाखवले. देवदूताच्या प्रवेशात त्या मुलीसाठी दार रुंद करून घेतले, तिला वाकावे लागू नये म्हणून. माणूस खोटे बोलतो तेव्हा थोडक्यात बोलतो, असे मी समजत होतो. तू इतक्या मायेने खोटे लिहिलेस, की त्यापूर्वीच्या तुझ्या पत्रांपैकी आता कोणते खरे मानावे, हे मला ठरवता येत नाही. तुझे वडील गेले त्या वर्षीची पत्रेही मी काल काढून पाहिली, आणि वाचता वाचता थांबलो.

कानबाईच्या दिवशी मला वाटले होते, की आपल्यात परके कोणी नाही. हिशेब चुकला. एक होता, आणि तो मोठ्याने वाचत होता.

नाटिकेचे प्रवेश परत पाठवू नयेस. पूनमचे काम मी पाहीन. तेथे मी तिचा आजोबा म्हणून येईन. कोणीही माझी ओळख करून देऊ नये आणि खुर्ची राखू नये. तिला माझे अनेक आशीर्वाद. या पत्रात तेवढेच आशीर्वाद आहेत.

अभिमन बोरसे

ता. क. तुझ्या शेवटच्या पत्रात 'लपवलेले काही उरलेले नाही' असे आहे. पूनमला मी दूरध्वनीवर विचारले आणि तिने सांगितले ते खाली लिहितो. तारखा दुरुस्त करून घ्याव्यात.

२१ जून, शनिवार. हा निवडीचा दिवस. पुढे ढकलला नव्हता. माझे टेबल मांडलेच नव्हते.

१२ जुलै, शनिवार. या दिवशी तू माझ्या टेबलामागे बसला नव्हतास. तुम्ही तिघे पूनमच्या आजोळी, जामनेरला होता.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई. ही तारीख बरोबर आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार. नाजमीन बँडमध्ये आहे. ती ढोल वाजवते आणि म्हणे फार चांगला वाजवते. पंखांची तिला कल्पना नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार. प्रयोगाची खरी तारीख.

२० डिसेंबर, शनिवार. तू मला कळवलेली आणि शेवटच्या पत्रातही न बदललेली तारीख. त्या दिवशी शाळेला नाताळची सुटी लागलेली असते. मी धुतलेले धोतर नेसून, काकूला बरोबर घेऊन, सकाळच्या एस.टी.ने आलो असतो, आणि फाटकाला कुलूप असते.