किंचित विषारी

सांगली, ३ जून १९७४
अखेर माझी किंमत ओळखणारा माणूस भेटला. लालासाहेबांच्या खत-औषधांच्या दुकानात मुंबईच्या लिलावातून कीटकनाशकाचे चोवीस डबे आलेत. लेबल सगळं स्पॅनिश. इंग्रजी लेबल चिकटल्याशिवाय विक्री नाही, आणि पंधरा तारखेला सरकारी साहेब तपासायला येणार. औषध कितपत विषारी, ते शब्द तेवढे इंग्रजीत करायचे. मी म्हटलं, येतं मला स्पॅनिश. साहेबांनी लेबल पास केलं की दुकानात कायमची नोकरी. हुद्दा मीच सुचवला: भाषांतर अधिकारी.

घरी सांगितलं. शकुंतलेने विचारलं, स्पॅनिश कधी शिकलात? म्हटलं, मिलिटरीत स्टोअर क्लार्क होतो तेव्हा गोव्यात आठ महिने काढलेत. ती म्हणाली, तिथे पोर्तुगीज होते. म्हटलं, दोन्ही देश शेजारी. ती म्हणाली, कर्नाटकही आपल्या शेजारीच आहे, पण तुम्हाला कन्नडमध्ये पाणी मागता येत नाही.

बायकोशी भूगोलावर बोलू नये.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाच. रोज वीस शब्द.

४ जून, सकाळी ९
पाचला उठलो होतो. डास फार. उद्या चाळीस शब्द.

५ जून
पाहुणे. उद्या साठ. डिक्शनरीसाठी पुण्याला कार्ड टाकणार होतो, पण कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस पुन्हा पाठीला भोपळा बांधत नाही. मला पोहता येत नाही, पण तत्त्व कळतं.

६ जून
काम फत्ते! सरकारी दर्जे चारच: स्लाइटली, मॉडरेटली, हायली आणि एक्स्ट्रीमली टॉक्सिक. म्हणजे किंचित, मध्यम, फार आणि अत्यंत विषारी. आपल्या डब्याचा कोणता, एवढाच प्रश्न. डब्यावर हिरव्यागार शेतात उभी हसरी बाई आहे. जहाल विषाशेजारी कोण हसत उभं राहील? म्हणून 'स्लाइटली'. कवटीचंही चित्र आहे, पण बाईपेक्षा पुष्कळ लहान.

दुपारीच शिराळ्याच्या आकारामने मिरचीसाठी तीन डबे नेले. विष किंचितच आहे, असं मी त्याला तोंडीही सांगितलं. नाथाजी हमालाने ते गाडीत ठेवले. माझं इंग्रजी शिराळ्याला निघालं! छाती भरून आली.

८ जून
मेहुणे नानासो आले. पानमळ्यासाठी एक डबा बाजूला ठेवा म्हणाले. त्याच मळ्यातलं पान मी रोज जेवणानंतर खातो. डब्यावरची बाई पुन्हा नीट बघितली. हसू ओढूनताणून आणलेलं वाटतं. सगळ्या डब्यांवर 'मॉडरेटली' चिकटवलं. भाषांतर म्हणजे शेवटी सूक्ष्म निरीक्षण.

१० जून
शकुंतलेने ढेकणांसाठी एक डबा घरी आणला. आमच्या पलंगाला लावणार म्हणे. ताबडतोब 'हायली'. तिने विचारलं, तेच औषध दर दोन दिवसांनी जास्त विषारी कसं होतं? म्हटलं, विज्ञान पुढे जात असतं. डबा परत दुकानात. ढेकूण परत पलंगात.

१२ जून, सकाळी
कमालीचा आडमुठा माणूस हा आकाराम! डबे अजून फोडलेच नाहीत. म्हणाला, "आवं मास्तर, आमच्या शिराळ्यात जो म्हनतो ह्यो नाग चावत न्हाई, त्यानंच आदी मडक्यात हात घालायचा. तुमी म्हनताय इख किंचित हाय. मग बुडवा की हात मनगाटापतोर." मी म्हटलं, उजव्या हाताला नखुरडं झालंय. म्हणाला, डावा चालंल. मी म्हटलं, लालासाहेबांना येऊ द्या. तो बाकावर बसून राहिला. मला गोदामामागे महत्त्वाचं काम निघालं, ते तो जाईपर्यंत पुरलं. जाताना नाथाजीला सांगून गेला की उद्या फवारणी.

दुपारी ४
दुकानातल्या सगळ्या डब्यांवर 'एक्स्ट्रीमली' चिकटवलं. आकारामच्या तीन डब्यांवर मात्र 'स्लाइटली'च आहे. जाऊन सांगायला हवं होतं. पण शिराळा गाडीला फार गर्दी. स्टँडवर गेलो नव्हतो, पण या दिवसांत असतेच.

१३ जून, सकाळी
लालासाहेबांनी मला न विचारता मुंबईच्या एजंटला पत्र टाकलं होतं. याबद्दल त्यांच्याशी बोलणार आहे. उत्तर आलं: एक्स्ट्रीमली टॉक्सिक, कातडीतूनही अंगात भिनतं. आधी आनंदाने उडालोच. माझं चौथं भाषांतर तंतोतंत! नाथाजीलाही वाचून दाखवलं.

वाचता वाचता आकाराम आठवला. उघड्या अंगाने, खांद्यावर पंप घेऊन. त्याच्या डब्यावर माझ्या अक्षरात 'स्लाइटली'. एकही सबब सुचेना. गाडीला गर्दी नव्हती.

संध्याकाळी, शिराळा स्टँड
मळ्यापर्यंत पळत गेलो. एक चप्पल ओढ्यात गेली. बांधावरून ओरडलो, हात लावू नका! आकाराम तिकडून ओरडला, "मागं सरा मास्तर, वारं तुमच्याकडं हाय!" लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं, हातांना प्लास्टिकच्या पिशव्या. वाऱ्याकडे पाठ करून मारत होता. बायकोने साबण आणि पाण्याच्या दोन घागरी तयार ठेवलेल्या. पोरं आजोळी.

विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाला, "नाथाजीनं. डबं गाडीत टाकतानाच म्हनला, कवटी दिसती न्हवं, लय वंगाळ इख हाय." मग काल मला हात बुडवायला का सांगत होता? म्हणाला, "तुमाला ठावं हाय का न्हाई, ते बगत हुतो."

आणि माझं लेबल? "त्ये इंग्रजी व्हय? आमी म्हटलं कंपनीचं नाव आसंल."

त्याला धडधाकट बघून बांधावरच बसलो आणि रडलो. खरंच रडलो. त्याच्या बायकोने चहा दिला. माझं लेबल कुणी वाचलंच नाही, याचं वाईट वाटायला इथे स्टँडवर आल्यावर सुरुवात झाली.

१५ जून
साहेब आले. इंग्रजी लेबल एका नजरेत पास. मग म्हणाले, शेतकऱ्यांसाठी मराठीतूनही इशारा लावा. लालासाहेब शब्दाला जागले, नोकरी दिली. हुद्दा तेवढा बदलला: लेखनिक. नाथाजीला लिहिता येत नाही, म्हणून तो सांगणार आणि मी लिहून घेणार.

नाथाजी पोत्यावर बसला. पहिलं वाक्य सांगितलं, "ह्ये लय वंगाळ इख हाय, उगड्या हातानं शिवू नगा." मी लिहिलं: 'प्रस्तुत द्रव्य अत्यंत विषारी असून त्याचा त्वचेशी संपर्क टाळावा.' त्याने वाचून दाखवायला सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग खोडायला लावलं.